दोन्ही हात सारखे दिसत होते, तरी सूज होती: खाडीकाठच्या एका काकींचं प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सिंधुदुर्गात काम करते. ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपवून मुंबईहून गावी परतलेल्या बायका माझ्याकडे येतात त्या बहुतेक खांदा आखडला म्हणून, आणि हाताच्या सुजेचा विषय निघतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. हे प्रकरण उशीर न झालेलं आहे म्हणून सविस्तर लिहितेय. काकींचं नाव-गाव देत नाही, त्यांची आणि सुनेची परवानगी घेतलीय.

काकी बावन्न वर्षांच्या, मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातल्या. घरची थोडी भातशेती, काजूची बाग, मागे पोफळी. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, स्तन काढला आणि काखेतल्या लसीकेच्या गाठीही (लिम्फ नोड) काढल्या, रिपोर्टमध्ये १६ गाठी आणि त्यातल्या ३ मध्ये आजार. मग केमो, मग रेडिएशन, काखेच्या वरच्या भागालाही दिलेलं, आणि आता रोजची हार्मोनची गोळी. ट्रीटमेंटमध्ये वजन पाच-सहा किलोने वाढलं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच फिरणार आहे: काकी उजव्या हाताच्या. विळी, कोयती, रहाट, सगळं उजव्याने.

आता सूज का येते ते थोडक्यात. आपल्या हातात रक्तवाहिन्यांच्या जोडीला लसीकेच्या बारीक वाहिन्या असतात, पेशींच्या मधलं जादा पाणी आणि प्रोटीन त्या उचलून काखेतल्या गाठींमधून परत रक्तात नेऊन सोडतात. गाठी काढल्या आणि उरलेल्या भागाला रेडिएशनने वण पडला की बागेतल्या पाटाचं तोंड अर्धं बुजल्यासारखं होतं, पाणी जातं पण हळू, आणि एखाद्या दिवशी वरून जास्त आलं की मागे तुंबतं. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला ही सूज येते, फक्त एक-दोन पहारेकरी गाठी (आजार काखेत पसरला तर आधी जिथे पोचतो त्या, सेंटिनल नोड) काढल्या असतील तर साधारण विसातल्या एकीला. रेडिएशन, जास्त वजन, हाताला झालेलं इन्फेक्शन यांनी धोका वाढतो. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत सुरू होते, पण त्यानंतरही येऊ शकते. काकींकडे यातल्या बऱ्याच गोष्टी होत्या, त्यामुळे घरी माप घ्यायचं हे पहिल्याच भेटीत ठरवलं.

त्या भेटीत सुनेने मुंबईची फाईल आणलेली, जाडजूड, पिशवीत गुंडाळून. तिच्यात एक साधा कागद सापडला, ऑपरेशनच्या आधी तिथल्या फिजिओने दोन्ही हातांची मापं लिहून ठेवलेला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. कारण हा कागद बऱ्याच जणींकडे नसतो, आणि तो नसला की नंतरच्या सगळ्या मापांना मूळ असं काही राहत नाही. कागदावर होतं, कोपराच्या खाली १० सेमीवर डावा २१.०, उजवा २१.७. कोपराच्या वर १० सेमीवर डावा २८.२, उजवा २८.८. मनगट आणि पंजा यांतही डावा थोडा कमीच. म्हणजे आजाराच्या आधीपासून काकींचा डावा हात उजव्यापेक्षा बारीक होता, कामाचा हात जरा भरलेला असतोच.

ज्या कोणी आत्ता ऑपरेशनला निघाल्या असतील त्यांनी हे वाचून आधी दोन्ही हात मोजून घ्या, हॉस्पिटलात कुणी मोजलं नाही तर घरी मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

माप घ्यायची पद्धत आम्ही अशी ठरवली. टेप नवीन घेतला, कारण घरात शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधला कापडी टेप होता तो स्टीलच्या पट्टीला लावून बघितला तर ताणून सैल झालेला निघाला. कोपर वाकवायचा, मागचं टोकदार हाड बोटाने शोधायचं, तिथून खाली १० सेमी आणि वर १० सेमीवर पेनाने टिंब करायचं, मग हात सरळ करून टेबलावर सैल ठेवायचा. टेप कातडीला टेकलेला हवा पण कातडी दबायला नको, तिरका जायला नको. अशी चार ठिकाणं, पंजा (अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी), मनगट, कोपराखाली, कोपरावर. प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजायचं आणि मधला आकडा लिहायचा. दोन्ही हात, कायम दोन्ही. सकाळी उठल्यावर, कामाला लागायच्या आधी. आणि मोजणार सूनच, दुसरं कुणी नाही.

किती वेळा मोजायचं यावर काकींचं म्हणणं रोज. मी नको म्हटलं. रोज मोजलं की दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे होणारच, आणि त्या दोन-तीन मिलिमीटरवर माणूस रात्रभर जागतो. महिन्यातून एकदा पुरे, पण तारीख विसरायची नाही, तेव्हा काकींनीच ठरवलं, संकष्टीच्या सकाळी. उपास असतो, कॅलेंडरवर ठळक असतं, विसरणार नाही. इतकं चांगलं शेड्यूल मला सुचलं नसतं.

वहीत आकड्यांबरोबर एक ओळ शब्दात लिहायची, हात कसा वाटतोय ते. बांगड्या चढतात का, ब्लाउजच्या बाहीचा वळ उमटतो का, संध्याकाळी जड वाटतो का, हाताच्या पाठीवरच्या शिरा दोन्हीकडे सारख्या दिसतात का. हे मी मुद्दाम सांगते कारण टेपला कळायच्या आधी बाईला स्वतःला कळतं, आणि घरातले तिला "उगीच मनाचं आहे" म्हणून गप्प करतात.

पहिल्या श्रावणात कोपराखाली २१.१ आणि २१.८. कोपरावर २८.५ आणि २९.१. म्हणजे वजनामुळे दोन्ही हात जरासे वाढले पण दोघांमधलं अंतर जवळपास तेच. छान.

मग गणपती. घर चाकरमान्यांनी भरलेलं, मोदक, नैवेद्य, काकी सकाळपासून उभ्या. मुंबईहून आलेल्या पुतणीला हे मोजण्याचं कळलं, तिने हौसेने संध्याकाळी काकींचा हात मोजला आणि कोपरावर २९.८ आलं. एका महिन्यात १.३ सेमी! घरात रडारड, काकींच्या डोक्यात पहिला विचार आजार परत आला, रात्री मला फोन. मी दोनच गोष्टी विचारल्या, बोटाने दाबल्यावर खळगा पडतो का, हात लाल-गरम आहे का. दोन्ही नाही. मग म्हटलं, उद्या सकाळी सुनेला मोजू दे. सकाळी २८.६. पुतणीने १० सेमी कोपराच्या आतल्या घडीपासून धरलेले, हाडापासून नाही, त्यामुळे टेप दंडाच्या जास्त जाड भागावर गेला, वर दिवसभराच्या कामाने संध्याकाळी हात थोडा भरलेला. पुतणीचा दोष नाही हो, तिने प्रेमाने केलं. पण म्हणूनच मी माणूस आणि वेळ बदलू नका म्हणते, आणि एका मापावर कुणी गाडी काढून पळू नका, दोन दिवसांनी परत मोजा, तेच आलं तर निघा. अर्थात हात लाल, गरम, दुखरा असेल तर हा नियम नाही, ते पुढे येतंच आहे.

गणपती ते दिवाळी शांत गेलं. पौषातल्या संकष्टीला कोपराखाली डावा २१.४, उजवा २१.८. सुनेने लिहिलं आणि सोडून दिलं, तीन मिलिमीटर कोण मोजतंय. खाली शब्दांच्या ओळीत मात्र काकींनी सांगून लिहवून घेतलेलं, "हात सांजेक भरान इल्यासारको वाटता." काजूच्या बिया पडायला सुरुवात झालेली, दिवसभर वाकून वेचणं चालू.

माघातल्या संकष्टीला कोपराखाली डावा २१.९, उजवा २१.८. दोन दिवसांनी परत, तेच.

काकी माझ्याकडे आल्या त्या याच आठवड्यात, आणि येण्याआधी गावातल्या एका डॉक्टरांना दाखवून आलेल्या. त्यांनी दोन्ही हात समोर धरायला लावले, बघितलं, सारखे आहेत म्हणाले, तरी काकी जडपणाची तक्रार सोडेनात म्हणून लघवी होण्याची गोळी लिहून दिली. काकी मला म्हणाल्या, "दोनय हात सारकेच दिसतत मगे, सूज खय आसा?"

इथेच सगळं आहे. डावा हात आधी उजव्यापेक्षा ०.७ सेमीने बारीक होता. आता तो उजव्यापेक्षा ०.१ ने जास्त झाला. म्हणजे खरा बदल ०.८ सेमीचा, पण डोळ्याला दिसतात दोन सारखे हात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दोन हातांत २ सेमीचा फरक पडला तर सूज धरायची असा ठोकताळा चालतो, त्या हिशोबाने काकींना सूज धरायला अजून खूप वाट बघावी लागली असती. उजव्या हाताच्या बाईचं डाव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर सुरुवातीची सूज अशी लपते. आणि उलटंही होतं, उजव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर मुळातला फरकच सूज समजून बाई घाबरते. म्हणून आज दोन हातांत किती अंतर आहे एवढं बघून भागत नाही, ते अंतर मूळच्या अंतरापेक्षा किती सरकलं ते बघायचं.

अजून एक हिशोब. ०.८ सेमी ऐकायला काहीच नाही वाटत. पण टेप घेर मोजतो आणि सूज असते आकारमानात, आणि आकारमान घेराच्या वर्गाने वाढतं. २१.० चा घेर २१.९ झाला म्हणजे साधारण ४ टक्के, तर तेवढ्या पट्ट्यातलं आकारमान वाढलं साधारण ८-९ टक्के. उजव्या हाताची किरकोळ वाढ वजा केली तरी ८ च्या जवळ. मी क्लिनिकमध्ये मनगटापासून दर ४ सेमीवर दोन्ही हात मोजून, मुंबईच्या कागदाशी जुळवून पूर्ण हाताचा हिशोब केला तर वाढ ५ टक्क्यांच्या आसपास आली. १० टक्क्यांना सूज पक्की धरतात, ५ ते १० च्या मधली म्हणजे सुरू होतेय अशी. दाबल्यावर खळगा नव्हता, फक्त कातडीची चिमटी डाव्या हाताला जरा जाड लागत होती.

लघवीची गोळी बंद करायला मी सांगितलं नाही, ते माझं काम नाही, मी काकींच्या मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि त्यांनी बंद केली. या सुजेत नुसतं पाणी नसतं, प्रोटीन साठलेलं असतं, गोळीने शरीरातलं पाणी निघतं आणि प्रोटीन तिथेच राहतं. त्यांनीच काख आणि गळ्याच्या हाडावरचा खड्डा तपासायला बोलावलं. तुतारी एक्सप्रेसने मुंबईला गेल्या, तपासलं, गाठ नाही, शिरेत रक्ताची गुठळी आहे का त्याची सोनोग्राफी केली, ती पण नाही. हे तपासणं टाळू नये, नवीन सूज म्हणजे आजार परत आला असं बहुतेक वेळा नसतं, पण ते डॉक्टरने हात लावून ठरवायचं.

गावात तोवर हत्तीरोगाची चर्चा सुरू झालेली. आपल्या जिल्ह्यात जुन्या लोकांनी हत्तीपाय बघितलेले आहेत त्यामुळे सूज म्हटलं की तेच डोक्यात येतं. काकींच्या शेजारणीने तर भांडी वेगळी ठेवा म्हणून सांगितलं. मी घरी जाऊन सगळ्यांसमोर बोलले, हत्तीरोग डासातून येणाऱ्या जंतामुळे होतो, इथे गाठी काढल्यामुळे वाट अडलीय, हे कुणाला लागत नाही. तो सुद्धा भांड्यातून लागत नाही.

उपाय म्हणून हातात घालायचा प्रेशर स्लीव्ह, मापाने मागवलेला, मनगटापासून दंडापर्यंत, २० ते ३० mmHg दाबाचा. दिवसा घालायचा, रात्री काढायचा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशनआधीच्या मापाशी तुलना करून अशी अगदी सुरुवातीची वाढ पकडली आणि साधारण महिनाभर स्लीव्ह घातला तर ती उतरली असं दिसलं, त्याच धर्तीवर आम्ही चार आठवडे ठरवले.

बोलायला सोपं आहे. कोकणात मार्च-एप्रिलमध्ये, घामाने अंग चिकचिकत असताना, काजूच्या बागेत स्लीव्ह घालून काम करणं काय असतं ते काकींना विचारा. पहिल्या आठवड्यात कोपराच्या घडीत घामोळं आलं. वरची कडा गुंडाळली जाऊन दंडावर दोरी बांधल्यासारखा वळ पडला, तो दिसल्यावर लगेच स्लीव्ह बदलून घेतला कारण अशी गुंडाळलेली कडा खाली सूज वाढवते. मग दोन स्लीव्ह केले, एक अंगावर एक धुतलेला. साध्या साबणाने रोज धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा, चुलीवर तर अजिबात नाही, इलॅस्टिक मरतं. खोबरेल रात्री लावायचं, सकाळी स्लीव्हच्या आधी नाही. काजू बियांचं तेल कातडी जाळतं हे इथल्या बायकांना सांगायला नको, तरी डाव्या हाताला ग्लोव्ह सक्तीचा केला, कारण आता त्या हातावरची छोटी जखमही महाग.

आणि काम बंद केलं नाही. मुंबईहून निघताना कुणीतरी सांगितलेलं, डाव्या हाताने काही उचलू नका, आणि काकींनी ते इतकं पाळलं की हात नुसता लटकत ठेवायच्या, खांदा वर जाईना. २००९ मध्ये १४१ बायकांवरचा एक अभ्यास आला, सूज असलेल्याच बायका, त्यांना देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलायला लावली तर सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. स्नायू आवळले-सुटले की लसीका पुढे ढकलली जाते. आम्ही अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरू केलं, स्लीव्ह घालून, दर आठवड्याला जरासं वाढवत. भरलेली कळशी अजून उजव्यानेच.

चार आठवड्यांनी कोपराखाली डावा २१.४. त्याच्या पुढच्या संकष्टीला २१.२, उजवा २१.७. अंतर मूळच्या जवळ आलं आणि स्लीव्ह फक्त कामाच्या वेळेपुरता ठेवला.

पावसाळ्यात दुसरं प्रकरण झालं आणि ते पहिल्यापेक्षा फार वेगळं होतं. खाडीतली शेंगटी साफ करताना काकींच्या डाव्या बोटात काटा घुसला. ग्लोव्ह काजूला होता, मासळीला नव्हता. रक्त आलं, हळद लावली, विसरल्या. दोन दिवसांनी दुपारी हुडहुडी भरून ताप आणि मनगटापासून वर हात लालबुंद, हात लावला तर चटका. सूनबाई टेप काढून बसली, आकडा २३ च्या वर, मला फोटो. मी म्हटलं टेप ठेव, स्लीव्ह काढ, पेनाने लालीच्या कडेने रेघ मार, बाजूला वेळ लिही आणि आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. गाडी मिळेपर्यंत तासाभरात लाली रेघेच्या दोन बोटं पुढे गेलेली. ती रेघ बघून तिथल्या डॉक्टरांनी वेळ घालवला नाही, त्याच संध्याकाळी सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू.

माझं यावर अगदी स्पष्ट मत आहे, सूज हळू वाढत असेल तर वही आणि संकष्टी, पण लाल, गरम, ताप यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, मोजत बसायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. हात एकाएकी निळसर होऊन सुजला आणि दुखला तरीही तसंच, ती गुठळी असू शकते. सलाईन उजव्या हाताला लावलं. डाव्या हाताला सुई किंवा बीपीचा पट्टा लावल्याने सूज येते याचा पुरावा तसा कच्चा आहे, पण दुसरा हात मोकळा असेल तर आम्ही तो वापरा म्हणतो, आणि इमर्जन्सीत मात्र हातावरून वाद घालू नका हेही सांगतो.

इन्फेक्शन उतरायला दोन आठवडे लागले, स्लीव्ह दुखणं गेल्यावर परत सुरू केला. पण प्रत्येक अशा इन्फेक्शनमध्ये उरल्यासुरल्या वाहिन्या अजून खराब होतात, आणि तसंच झालं, माप २३ च्या वरून खाली आलं पण २१.५ ला थांबलं, उजवा २१.७. म्हणजे अंतर ०.७ ऐवजी ०.२. आता संध्याकाळी दाबल्यावर हलकासा खळगा पडतो, रात्री हात उशीवर ठेवला की सकाळी जातो. ही पहिल्या पायरीची सूज, आणि इथून पुढे स्लीव्ह रोजचाच.

सध्या असं आहे. मापं दर संकष्टीला चालू आहेत. दंडाचा आकडा दोन्हीकडे सारखाच हळूहळू वाढतोय, ते वजन आहे, सूज नाही, त्यावर जेवण आणि चालणं सुरू केलंय. पहिला स्लीव्ह सहा महिन्यांत सैल पडला, नवीन मागवताना जुन्या मापावर न मागवता परत मोजून मागवला. पंजाचं माप एका महिन्यात ०.३ ने वाढलेलं दिसलं, स्लीव्ह मनगटाला संपतो तेव्हा सूज कधीकधी पंजात उतरते, पुढच्या वेळी तेच आलं तर पंजाचा वेगळा पट्टा द्यावा लागेल. मासळी साफ करायचा ग्लोव्ह सुनेने विळीच्या शेजारीच खिळ्याला टांगलाय, आणि घरात कुणालाही हुडहुडी भरली की आधी काकींचा हात बघतात.